काका, साइट कुणाच्या नावावर आहे?

कोकणातल्या कुठल्याही वाडीत जा, दोन-चार घरं तरी कुलूप लावलेली दिसतात. मालक मुंबईला, किल्ली शेजारच्या वहिनींकडे, लाइटबिल चुलत भावाच्या नावावर आणि सातबाऱ्यावर अजून पणजोबा. घर कुणाचं हे अख्ख्या वाडीला ठाऊक असतं. पण वाटणी करायची वेळ आली, बँकेत जायची वेळ आली की एकच प्रश्न उरतो, कागदावर नाव कुणाचं?

आपल्याकडच्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट्सचं हल्ली अगदी असंच झालंय. समजा, गणपतीपुळ्याजवळ एका काकांचा होमस्टे आहे, किंवा पावसजवळ कुणाची हापूसची बाग. चार वर्षांपूर्वी कुणीतरी साइट करून दिली. बुकिंग येतं, पेट्यांच्या ऑर्डरी येतात. तुम्ही इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, थोडंफार क्लाउड शिकलाय, म्हणून काका तुम्हाला बोलावतात. ‘बघ रे जरा, फोटो बदलायचे आहेत.’ तुम्ही विचारता, ‘काका, साइट कुठल्या अकाउंटवर आहे?’ उत्तर ठरलेलं. ‘ते मला काय माहीत? त्या अमक्याच्या मुलाने केली होती. तो आता पुण्याला असतो.’

गोगटे-जोगळेकर असो, शासकीय तंत्रनिकेतन असो की फिनोलेक्स अकॅडमी, रत्नागिरीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोरापोरींना पहिलं बाहेरचं काम मिळतं ते बहुतेक असंच, ओळखीतून. आणि पहिली गोची होते तीही इथेच. कोडिंग येत असतं. पण आपण कुणाच्या घरात उभे आहोत, हेच कळत नाही. हे शोधायला एखादा महागडा कोर्स लागत नाही. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, चार-पाच ओळी टाइप करता आल्या तरी पुष्कळ.

एक सूचना आधीच देतो. इथे सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दांमध्ये स्पेस सोडून आणि जिथे आडवी रेघ दिसते तिथे ती तशीच ठेवून टाइप करा.

आधी बाहेरून बघा

काकांकडे पासवर्ड नाही, मेल आयडी नाही, काहीच नाही. हरकत नाही. घराची पाटी तर रस्त्यावरूनही वाचता येते.

टर्मिनलमध्ये ‘एनएसलुकअप’ लिहून पुढे साइटचं नाव द्या. ज्या सर्व्हरवर साइट आहे त्याचा आयपी पत्ता मिळतो. मग ‘हूइज’ लिहून पुढे तो आयपी द्या. हा पत्ता कुणाच्या ताब्यातला आहे, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल की एखादी छोटी होस्टिंग कंपनी, हे त्यातून समजतं. (विंडोजवर हूइज आयतं मिळत नाही, वेगळं टाकावं लागतं. लिनक्सवर एका ओळीत येतं.) तोच आयपी पुन्हा एनएसलुकअपला दिला की काही वेळा उलट नाव मिळतं. ॲमेझॉनच्या सर्व्हरच्या नावात बऱ्याचदा ‘एपी-साउथ-१’ असं लिहिलेलं दिसतं, आणि ते मुंबईचं सांकेतिक नाव आहे. म्हणजे पासवर्ड हातात नसतानाच कंपनी आणि शहर दोन्ही कळलं.

इथे एक मेख आहे. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा लावलेली असेल तर तुम्हाला फक्त तिचाच पत्ता दिसेल, मागचं घर दिसणार नाही. आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, ही तर वेगळीच मालमत्ता. सर्व्हर एका खात्यावर, नाव दुसऱ्याच कंपनीकडे तिसऱ्याच माणसाने घेतलेलं, असं सर्रास असतं. हूइजला आयपीऐवजी डोमेनचं नाव दिलं की ते कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे आणि कधी संपतंय याची तारीख मिळते. मालकाचं नाव बहुतेकदा झाकलेलं असतं. पण संपायची तारीख काकांना लगेच सांगा. सर्व्हर धडधाकट असूनही नाव संपल्यामुळे बंद पडलेल्या साइट्स काही कमी नाहीत.

तीन ओळींचा उतारा

आता समजा पुण्याच्या त्या दादाने फोन उचलला, भला माणूस निघाला आणि तुम्हाला आत शिरायला एक युजर करून दिला. साइट ॲमेझॉनवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर आहे. आत गेल्यावर पहिली कमांड कुठली? माझ्या मते एकच, आणि ती पाठच असायला हवी.

एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी.

मशीनला विचारलेला हा साधा प्रश्न आहे, ‘मी कोण म्हणून आत आलोय?’ उत्तरात तीन गोष्टी मिळतात. पहिली युजर आयडी, दुसरी अकाउंट, तिसरी एआरएन. अकाउंटसमोर बारा आकडे असतात. तो या घराचा खाते क्रमांक. एआरएन म्हणजे त्या खात्यातला तुमचा पूर्ण पत्ता. त्यात मध्ये मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं असतात. त्यांच्यावर तोडून वाचलं की सेवा, खातं आणि शेवटी तुमचं नाव किंवा भूमिका दिसते. शेवटी ‘युजर’ आणि पुढे नाव असेल तर तुम्ही साधे युजर. ‘असूम्ड-रोल’ असेल तर तात्पुरती भूमिका घेऊन आलेले. आणि शेवटी ‘रूट’ दिसलं तर हात थांबवा. म्हणजे दादाने तुम्हाला पाहुण्याची नाही, थेट मालकाची किल्ली दिली आहे. रोजच्या कामाला रूट वापरायचा नसतो. त्याला अख्खं खातं बंद करण्यापर्यंतचे अधिकार असतात.

या कमांडची गंमत म्हणजे तिला कसलीही परवानगी लागत नाही. खात्याच्या मालकाने तुम्हाला सगळं नाकारलं असलं, अगदी हीच कमांड नावानिशी नाकारली असली, तरी ती चालते. कारण सरळ आहे. एखादं काम नाकारताना जो एरर येतो त्यात तुमची ओळख लिहिलेलीच असते, मग ती लपवून काय मिळणार?

फक्त बारा आकडे हवे असतील तर त्याच कमांडपुढे ‘--क्वेरी अकाउंट --आउटपुट टेक्स्ट’ जोडा. यातला ‘अकाउंट’ मात्र पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून लिहायचा, वर दिलेल्या नियमाला हा एक अपवाद. आणि हा नंबर एक्सेलमध्ये नोंदवणार असाल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवा. काही खाते क्रमांक शून्याने सुरू होतात. एक्सेल ते पुढचं शून्य खाऊन टाकतं आणि मग अकरा आकडी नंबर घेऊन लोक अर्धा दिवस डोकं खाजवत बसतात.

बारा आकडे कुणाच्या लक्षात राहणार, म्हणून खात्याला टोपणनाव देता येतं. दिलंय का ते ‘एडब्ल्यूएस आयएएम लिस्ट-अकाउंट-एलिआसेस’ सांगतं. याला मात्र परवानगी लागते.

समजा दादाने फोन उचललाच नाही. पण साइटच्या सेटिंगमध्ये ‘एकेआयए’ या चार अक्षरांनी सुरू होणारी एक जुनी की सापडली. ही एडब्ल्यूएसची कायमस्वरूपी ॲक्सेस की असते. ती वापरून आत घुसायचा मोह होतो. तसं करू नका. तुमच्या स्वतःच्या खात्यातून ‘एडब्ल्यूएस एसटीएस गेट-ॲक्सेस-की-इन्फो’ लिहा आणि पुढे ‘--ॲक्सेस-की-आयडी’ म्हणून ती की द्या. ती कुठल्या खात्याची आहे ते बारा आकडे मिळतात. की चालू आहे की बंद, हे यातून कळत नाही. पण समोरच्याचं दार न उघडता पाटी वाचून झाली. काकांच्या बिलावर किंवा जुन्या मेलमध्ये तोच नंबर असेल तर जुळलं.

आपल्याच लॅपटॉपवर तीन घरं

खरी फजिती होते ती इथे. कॉलेजच्या प्रोजेक्टचं एक खातं, स्वतःचं फुकटातलं एक, आणि आता काकांचं एक. तिन्ही एकाच लॅपटॉपवर. टर्मिनलचा रंग तोच, कमांड त्याच. ‘जुना सर्व्हर काढून टाकतो’ म्हणून एंटर मारलं आणि तो काकांचा निघाला तर?

हे नवशिक्यांचंच होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका अनुभवी इंजिनीअरने रात्री उशिरा एक फोल्डर पुसायची कमांड दिली. पुसायचं होतं दुसऱ्या नंबरच्या डेटाबेस सर्व्हरवर, तो होता पहिल्यावर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्याने कमांड थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपच्या वेगवेगळ्या सोयी होत्या, पण ऐनवेळी त्यातल्या बहुतेक निकामी निघाल्या. सुदैवाने सहा तासांपूर्वी कामासाठी काढलेली एक प्रत सापडली, तेवढ्यावर भागलं. कंपनीने लपवाछपवी केली नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. नंतर करायच्या सुधारणांची जी यादी केली तिच्यात एक अगदी साधी गोष्ट होती. प्रत्येक सर्व्हरच्या टर्मिनलवर सुरुवातीला दिसणारी ओळ अशी बदलायची, की आपण कुठे आहोत हे बघताक्षणी कळावं.

आपल्याला हे घरबसल्या करता येतं. खात्यांना प्रोफाइल म्हणून नावं द्या. ‘प्रोजेक्ट’, ‘माझं’, ‘काका’ असली साधी नावं चालतील, फक्त इंग्रजी अक्षरांत. कमांडच्या शेवटी ‘--प्रोफाइल काका’ असं स्पष्ट लिहायची सवय लावा. कुठली कुठली प्रोफाइल्स आहेत ते ‘एडब्ल्यूएस कॉन्फिगर लिस्ट-प्रोफाइल्स’ दाखवतं. आणि ‘एडब्ल्यूएस कॉन्फिगर लिस्ट’ त्याहून कामाचं, कारण ते नुसती की दाखवत नाही (तीही बरीचशी झाकून), ती आली कुठून तेही सांगतं. बऱ्याच वेळा गोंधळ असा असतो की फाइलमध्ये तुमचं खातं बरोबर लिहिलेलं आहे, पण मागे कधीतरी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये कॉलेजच्या प्रोजेक्टची की टाकून ठेवलेली असते. प्रोफाइल सांगितलं नाही तर आधी तीच वाचली जाते. टर्मिनल बंद करून नवीन उघडलं की बरेचदा हे भूत जातं. तरीही नाही गेलं तर ते कुठे बसलंय हे याच कमांडमधून सापडतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करता येत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी तिन्ही मोठ्या कंपन्या ब्राउझरमध्येच टर्मिनल देतात. एडब्ल्यूएस क्लाउडशेल २०२० च्या डिसेंबरात आलं, गूगल आणि मायक्रोसॉफ्टचं त्याच्या आधीपासून होतं. तिथे तुम्ही ज्या खात्याने लॉगिन केलंय त्याच खात्यात असता, त्यामुळे सरमिसळ कमी होते आणि लॅबच्या कॉम्प्युटरवर की मागे राहत नाही. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

अझूर आणि गूगल

मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये तोच प्रश्न ‘एझेड अकाउंट शो’ असा विचारायचा. उत्तरात ‘आयडी’ दिसतो, पण तो खात्याचा नाही, सबस्क्रिप्शनचा असतो. संस्था किंवा मालक कळतो तो ‘टेनंट आयडी’वरून. दोन्ही लांबलचक आणि दिसायला सारखे, म्हणून फॉर्ममध्ये एकाच्या जागी दुसरा भरणं ही नेहमीची गडबड. एका लॉगिनमधून दिसणाऱ्या सगळ्या सबस्क्रिप्शन ‘एझेड अकाउंट लिस्ट’ने मिळतात आणि ‘एझेड अकाउंट सेट’ने त्यांतली एक निवडता येते. विद्यार्थ्यांसाठी अझूर क्रेडिट कार्ड न मागता वर्षभरासाठी १०० डॉलरचं क्रेडिट देतं. बाबांचं कार्ड न मागता शिकायला हा मार्ग चांगला. मात्र ते मिळतं विद्यार्थी असल्याच्या पुराव्यावर, बहुधा कॉलेजच्या मेलवर. काकांची साइट त्यावर ठेवणं म्हणजे हॉस्टेलच्या खोलीत दुकान मांडण्यासारखं आहे.

गूगलमध्ये सगळं प्रोजेक्टभोवती फिरतं. ‘जीक्लाउड ऑथ लिस्ट’ सांगतं तुम्ही कुठल्या मेलने आत आहात, ‘जीक्लाउड कॉन्फिग लिस्ट’ सांगतं कुठलं प्रोजेक्ट निवडलेलं आहे. ‘जीक्लाउड प्रोजेक्ट्स लिस्ट’मध्ये प्रत्येक प्रोजेक्टला तीन ओळखी दिसतात, नाव, आयडी आणि नंबर. नाव बदलता येतं. आयडी कधीच बदलत नाही, आणि प्रोजेक्ट पुसलं तरी तोच आयडी पुन्हा घेता येत नाही. म्हणून आयडी ठेवताना ‘टेस्ट’ वगैरे लिहून मोकळे होऊ नका. पैसे कोण भरतंय हे ‘जीक्लाउड बिलिंग प्रोजेक्ट्स डिस्क्राइब’ आणि पुढे प्रोजेक्ट आयडी दिला की कळतं.

सर्व्हर दिसत नाही, बिल दिसतं

‘अकाउंटमध्ये काहीच नाही, तरी पैसे कापले जातात’ असं कुणी सांगितलं तर बहुतेक वेळा रीजन चुकलेला असतो. अझूरचं पुण्यातलं केंद्र २०१५ पासून आहे, एडब्ल्यूएसचं मुंबईतलं २०१६ पासून, गूगलचं मुंबईतलं २०१७ पासून. पण शिकताना बघितलेल्या व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा अमेरिकेतलं व्हर्जिनिया निवडलेलं असतं. सर्व्हर तिथे सुरू करायचा आणि मुंबईत शोधत बसायचं, मग दिसणार कसा? तुमचं टर्मिनल सध्या कुठल्या रीजनकडे बघतंय ते ‘एडब्ल्यूएस कॉन्फिगर गेट रीजन’ सांगतं. कमांडच्या शेवटी ‘--रीजन’ लिहून एकेक जागा तपासता येते. कंटाळवाणं काम आहे, पण डॉलरमधलं बिल त्याहून कंटाळवाणं.

फुकट खात्याचे नियमही बदललेत. जुलै २०२५ पासून एडब्ल्यूएसवर नवं खातं उघडणाऱ्याला वर्षभराऐवजी सहा महिन्यांचा फुकट प्लॅन आणि जास्तीत जास्त २०० डॉलरचं क्रेडिट मिळतं. यातलं जे आधी संपेल तेव्हा, पैसेवाला प्लॅन घेतला नसेल तर, खातं बंद होतं. नोव्हेंबरात उत्साहाने काकांची साइट स्वतःच्या फुकट खात्यावर चढवली तर मुदत भरते ती ऐन मे महिन्यात, पेट्या भरायच्या धावपळीत.

नंबर म्हणजे नाव नव्हे

सगळं जमलं, बारा आकडे मिळाले. पण त्यांवरून माणूस कळत नाही. एडब्ल्यूएसमध्ये परवानगी असेल तर ‘एडब्ल्यूएस अकाउंट गेट-कॉन्टॅक्ट-इन्फर्मेशन’ने खात्यावर नोंदवलेलं नाव, पत्ता, फोन मिळतो. ‘एडब्ल्यूएस ऑर्गनायझेशन्स डिस्क्राइब-ऑर्गनायझेशन’ सांगतं की हे खातं एखाद्या मोठ्या खात्याच्या छत्राखाली आहे का, आणि असेल तर त्या मुख्य खात्याचा नंबर आणि मेल कुठला. दादाने दहा गिऱ्हाइकांची दहा खाती एकाच छत्राखाली ठेवलेली असतील तर ते इथेच उघड होतं. हे गैर नाही, हिशेबाला सोयीचं असतं. पण काकांना ते माहीत असायला हवं.

खाते क्रमांक कुणाला सांगितला तर काय, असा प्रश्न येतो. एडब्ल्यूएस स्वतः तो गुपित मानत नाही, जपून द्या एवढंच म्हणतं. गुपित आहे ती सीक्रेट की. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर, स्क्रीनशॉटमध्ये किंवा गिटहबवर टाकू नका. गिटहबवर उघड टाकली तर ती शोधणारे बॉट काही मिनिटांत पोचतात.

आणि खरी मालकी ज्यात असते ती गोष्ट टर्मिनलमधून सुटत नाही. ती म्हणजे रूटचा मेल आयडी. तो पुण्याच्या दादाचा असेल तर, काकांनी कितीही बिलं भरली असली तरी, दार त्याच्या हातात. तो बदलायला दादालाच रूट म्हणून लॉगिन करावं लागतं, आणि दुहेरी तपासणीचा कोडही त्याच्याच फोनवर येतो. साइट हलवावी लागत नाही, सर्व्हर बंद करावा लागत नाही. फक्त मेल, फोन आणि कार्ड बदलायचं. काकांच्या नावाने एक वेगळा मेल आधीच काढून ठेवा, त्याचा पासवर्ड वहीत लिहून काकूंकडे द्या आणि दादाला सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर घ्या. तो गणपतीला गावी येणार असेल तर उत्तमच, आरती झाल्यावर ओटीवर बसूनही हे काम उरकतं. शेवटी त्याच्यासमोरच पुन्हा गेट-कॉलर-आयडेंटिटी चालवा. बारा आकडे पहिल्यासारखेच दिसायला हवेत.